चष्मा करायचाय? आधी नंबर, मग फ्रेम, मग काच, आणि ॲडव्हान्स सगळ्यात शेवटी

आपल्या बेळगाव भागात चष्मा करायची पद्धत ठरलेली आहे. खडेबाजारात नाहीतर गणपत गल्लीत दुसऱ्याच कामाला गेलेलो असतो, वाटेत चष्म्याचं दुकान दिसतं, आत शिरतो, भिंतीवरची एखादी फ्रेम आवडते, मग दुकानदार म्हणतो बसा की, मशीनमध्ये बघा, दहा मिनिटांत नंबर निघतो, काच कुठली घालू विचारलं की आपण म्हणतो "चांगली घाला" आणि ॲडव्हान्स देऊन बाहेर. चार दिवसांनी चष्मा येतो आणि तिथून पुढं डोकं दुखाय लागलं, जिना खाली-वर दिसाय लागला, नाकावर वळ उठले, असं करत नवा चष्मा कपाटात आणि जुनाच परत नाकावर. पैसे काचेत कमी जातात, या उलट्या क्रमात जास्त जातात. म्हणून खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमानं करा.

पायरी १: घरातून निघायच्या आधीची तयारी

जुना चष्मा बरोबर घ्या, तुटलेला असला तरी. जुनं नंबरचं कार्ड असेल तर तेही. जुन्या काचेचा नंबर दुकानातल्या लेन्सोमीटरवर निघतो आणि नवा नंबर किती बदललाय हे कळायला तोच एक आधार असतो.

वेळ सकाळची धरा. दिवसभर मशीनवर किंवा मोबाईलवर डोळे ताणून संध्याकाळी सातला नंबर काढायला गेलात तर डोळे थकलेले असतात, उत्तरं पण कंटाळून दिली जातात. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर काही दिवस आधी बंद करा, किती दिवस ते तपासणाऱ्यालाच फोनवर विचारा.

शुगर असलेल्यांनी हे नीट वाचा. रक्तातली साखर वाढली की डोळ्यातल्या भिंगात पाणी शिरतं आणि नंबर तात्पुरता बदलतो. नवीन गोळ्या चालू झाल्या, साखर वरखाली होतेय, अशा दिवसांत केलेला चष्मा साखर जागेवर आली की बिनकामाचा होतो. साखर काही आठवडे स्थिर राहू द्या, मगच नंबर काढा.

आणि तुम्ही काम किती अंतरावरून करता ते घरीच मोजून घ्या, टेप लावून. जवळचा नंबर साधारण ४० सेंटीमीटरवर, म्हणजे पेपर वाचायच्या अंतरावर काढतात. पण वडगाव-शहापूरला मागावर उभा राहणारा माणूस धागा हातभर लांबून बघतो, कॉम्प्युटर ६०-७० सेंटीमीटरवर असतो, पारायणाला बसणारी आजी पोथी चौरंगावर ठेवते. ४० सेंटीमीटरला लागणारी ताकद २.५० असते आणि ६० सेंटीमीटरला १.६७च्या आसपास, म्हणजे फरक पाऊण नंबराहून जास्त. "चष्मा लावला की पुस्तक दिसतं पण माग दिसत नाही" ही तक्रार इथून येते, आणि दोष दुकानदाराला देतो आपण.

> थांबा: अचानक एका डोळ्याला कमी दिसणं, वीज चमकल्यासारखं दिसणं, पडदा आल्यासारखं वाटणं, दुखून लाल होणं, लहान मुलाच्या बुबुळात पांढरी झाक दिसणं, यातलं काही असेल तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडं, त्याच दिवशी.

अजून एक, हे घरोघरी दिसतं. पन्नाशी-साठीतले आजोबा एकदम बिनचष्म्याचा पेपर वाचाय लागतात आणि सगळे खूश, "नजर परत आली". बहुतेक वेळा ती मोतीबिंदूची सुरुवात असते, भिंग घट्ट होऊन मायनस नंबर वाढत जातो. अशा वेळी दर सहा महिन्याला नवा चष्मा करणं म्हणजे निव्वळ खर्च. आणि ऑपरेशन ठरलं असेल तर आधी चष्मा करूच नका, ऑपरेशननंतर जखम भरून नंबर स्थिर व्हायला साधारण महिना-दीड महिना लागतो, तेव्हा डॉक्टर कार्ड देतात.

पायरी २: नंबर काढून घेणं

मशीनमध्ये हनुवटी ठेवली, लांबचं चित्र धूसर-स्वच्छ झालं, चिठ्ठी बाहेर आली, हा नंबर नव्हे, हा अंदाज आहे. त्या चिठ्ठीवरून सरळ काच बनवणारं दुकान दिसलं तर उठा. मशीननंतर डोळ्यावर जड गोल ट्रायल फ्रेम चढवून, एकेका डोळ्यावर काचा बदलत "हे चांगलं की ते" विचारलं गेलंच पाहिजे. शेवटी लाल-हिरव्या पट्ट्यावरची अक्षरं दाखवली तर चांगलं लक्षण समजा, मायनस नंबर गरजेपेक्षा जास्त लागलाय का ते त्यात कळतं. जास्त मायनसची काच पहिल्या मिनिटाला एकदम काळंकुळकुळीत स्पष्ट दिसते, म्हणून लोक तीच निवडतात आणि नंतर डोकं धरून बसतात.

आता आपल्या भागातली खरी अडचण. तपासणारा पोरगा कन्नडमध्ये नाहीतर हिंदीत विचारतो, "इदु छलो काणतैती, अदु छलो?" (हे चांगलं दिसतंय की ते?) आणि खानापूरकडची मावशी अर्धं समजून "हां हां" करते. दोन्हीला हां. तो पोरगा तरी काय करणार. त्या "हां"वरून नंबर ठरतो आणि तो चुकतो. म्हणून वयस्कर माणसाबरोबर भाषा समजणारं कुणीतरी जा, पण उत्तर तुम्ही देऊ नका, फक्त प्रश्न मराठीत सांगा. "दोन्ही सारखंच दिसतंय" हे पण बरोबर उत्तर आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर परीक्षेला बसल्यासारखं काहीतरी एक सांगून टाकतात. अक्षरं वाचता येत नसतील किंवा तक्ता इंग्रजी-कन्नडच असेल तर उलट्यासुलट्या "ई"चा तक्ता मागा, ज्यात बोटानं फक्त दिशा दाखवायची असते. मागितला की काढतात.

लहान मुलांचा नंबर ड्रॉप (डोळ्याचे स्नायू सैल करणारं औषध) घातल्याशिवाय पक्का धरू नका. पोरं जवळचं बघायला डोळ्याचे स्नायू आवळून धरतात, त्यामुळं मशीनला मायनस नसतानाही मायनस दिसतो. ड्रॉपनंतर काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत किंवा त्याहूनही जास्त जवळचं धूसर दिसतं आणि उन्हाचा त्रास होतो, म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी नेऊ नका. मोठ्यांनीही ड्रॉप घातल्यावर गाडी चालवत येऊ नये, हे सांगूनसुद्धा लोक स्प्लेंडरवर बसून निघतातच.

चाळिशी ओलांडली असेल तर नंबराबरोबर डोळ्याचं प्रेशर आणि मागचा पडदा बघून घ्या. हे दुकानात सहसा होत नाही, डॉक्टरकडं किंवा सरकारी दवाखान्याच्या नेत्र विभागात होतं.

> तपासा: ट्रायल फ्रेम घालून उठा, दारापर्यंत चाला, जमीन बघा, मोबाईलवर मेसेज वाचा, बाहेरचा बोर्ड वाचा. पाच मिनिटं तरी. जमीन तिरकी वाटत असेल तर तिथंच सांगा, काच कापल्यावर सांगून उपयोग नाही.

पायरी ३: कार्ड हातात घ्या आणि वाचा

कार्ड मागून घ्यायचंच, तपासणी फुकट केली असली तरी. काही ठिकाणी "काच आमच्याकडंच करणार ना, मग कशाला" म्हणतात. तपासणीची फी देऊन कार्ड घ्या, ते पैसे वसूल होतात.

आरई किंवा ओडी म्हणजे उजवा डोळा, एलई किंवा ओएस म्हणजे डावा. एसपीएच हा मुख्य नंबर, मायनस असेल तर लांबचं दिसत नाही, प्लस असेल तर उलट. सीवायएल म्हणजे सिलिंडर, एका दिशेपुरता लागणारा नंबर, आणि सिलिंडर असला की त्याच्यापुढं ॲक्सिस, म्हणजे त्याची दिशा, हवाच, १ ते १८० मधला आकडा. सिलिंडर लिहिलाय आणि ॲक्सिस रिकामा असेल तर ते कार्ड अर्धवट आहे, परत करा. एडीडी म्हणजे जवळच्यासाठी वाढीव नंबर. ॲक्सिस सोडून सगळे आकडे पावपावनं वाढतात, ०.२५, ०.५०, ०.७५ असे. प्लस-मायनसची खूण ठळक आहे का बघा, घाईत मारलेल्या रेघेमुळं मायनसचा प्लस होऊन बसतो.

एक घोळ खूप होतो. दवाखान्याच्या कार्डावर −१.००, सिलिंडर +०.५०, ॲक्सिस ९० असतं आणि दुकानाच्या पाकिटावर −०.५०, सिलिंडर −०.५०, ॲक्सिस १८०. लोक भांडायला जातात की नंबर बदलला. बदललेला नाही, एकच नंबर दोन पद्धतीनं लिहिलाय. मुख्य नंबरात सिलिंडर मिळवायचा, सिलिंडरची खूण उलटी करायची, ॲक्सिसमध्ये ९० मिळवायचे (बेरीज १८० च्या वर जात असेल तर मिळवायच्या ऐवजी ९० वजा करायचे). एवढं करून जुळलं तर गप्प बसा, नाही जुळलं तर भांडा.

पीडी, म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर, कार्डावर बहुतेक नसतं. लिहून मागा. मोठ्या माणसांत साधारण ५४ ते ७४ मिलिमीटर असतं, आणि काचेचा मध्य बरोबर तिथंच यायला हवा. नंबर ५ असेल आणि मध्य ४ मिलिमीटर सरकला तर २ प्रिझमचा (काच चित्र बाजूला किती सरकवते त्याचं माप) ताण डोळ्यावर येतो, नंबर अगदी बरोबर असूनसुद्धा डोकं दुखतं ते यामुळं. ऑनलाईन मागवणारे इथंच फसतात, कारण ते पीडी अंदाजानं टाकतात.

कार्डाचा मोबाईलवर फोटो काढा. आत्ता.

पायरी ४: फ्रेम, नंबर बघून

आता भिंतीकडं बघायला हरकत नाही. काडीच्या आतल्या बाजूला ५२, १८, १४० असे आकडे असतात: काचेची रुंदी, नाकावरचा पूल, काडीची लांबी. पहिले दोन मिळवा, त्यातून तुमचा पीडी वजा करा. ५०+१८=६८ आणि पीडी ६२ असेल तर फरक ६, चालतंय. ५६+१८=७४ आणि पीडी ६२ म्हणजे फरक १२, काच दोन्ही बाजूंनी ६-६ मिलिमीटर सरकवून कापावी लागणार आणि मायनस नंबर असेल तर कडेला जाड होणार.

मायनसची काच कडेला जाड असते, म्हणून नंबर ४ च्या वर असेल तर लहान, गोलसर, पूर्ण कडेची फ्रेम घ्या. पोरं मोठ्या चौकोनी फ्रेमच्या मागं असतात, मग जाड दिसू नये म्हणून महागडी पातळ काच घालतात, तरी जाड दिसते. फ्रेम लहान घेतली असती तर साध्या काचेतच भागलं असतं. बिनकडेच्या फ्रेमला भोकं पाडावी लागतात आणि साधी प्लास्टिक काच भोकाजवळ तडकते, तिथं पॉलिकार्बोनेटसारखी चिवट काच लागते, म्हणजे फ्रेम स्वस्त आणि काच महाग असा उलटा हिशेब.

प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचं, मधलं आणि जवळचं दिसणारी, मधे रेघ नसलेली) करायची असेल तर फ्रेमची उंची पुरेशी हवी, २८-३० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर वाचायचा भाग कापूनच जातो.

> तपासा: फ्रेम घालून खाली वाका, हसा, मान हलवा. गालाला टेकते? घसरते? हेल्मेट घालत असाल तर जाड काड्या कानामागं टोचतात, हेल्मेट बरोबर नेऊनच बघा. लाजायचं काही नाही त्यात.

पायरी ५: काच आणि कोटिंग, इथं खिसा सांभाळा

काचेचे आकडे १.५०, १.५६, १.५९, १.६१, १.६७, १.७४ असे असतात. आकडा वाढला की काच पातळ आणि किंमत वर. नंबर २ च्या आत असेल तर १.५० किंवा १.५६ पुरे, त्याच्यावर घातलेले पैसे तुमच्या डोळ्याला दिसणारही नाहीत. ४ च्या पुढं १.६१, आणखी जास्त असेल तर १.६७ चा विचार करा. १.५९ म्हणजे पॉलिकार्बोनेट, ती सहजासहजी फुटत नाही, मुलांना आणि वेल्डिंग-ग्राइंडरजवळ काम करणाऱ्यांना तीच घ्या (ग्राइंडरवर वेगळा सेफ्टी गॉगल तरीही लागतोच). स्वच्छ दिसण्यात मात्र साधी १.५० तिच्यापेक्षा सरस आहे.

एआर (अँटी-रिफ्लेक्शन) कोटिंग घ्या. समोरच्या गाडीच्या लाईटचं काचेवर उमटणारं प्रतिबिंब त्यानं कमी होतं, आणि ऊसाच्या सीझनमध्ये रात्री संकेश्वरच्या रस्त्यावर बिनलाईटच्या ट्रॉल्या आणि समोरून येणारे झगझगीत दिवे यांच्यात गाडी चालवलेल्यांना हे सांगायला नको.

ब्लू कटवर जास्त पैसे घालू नका. दुकानात निळ्या लेसरचा पेन मारून दाखवतात, काचेनं निळा उजेड अडवला हे खरं, पण त्यानं डोळ्याचा थकवा कमी होतो हे त्यात सिद्ध होत नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात स्क्रीनच्या थकव्यावर अशा काचांचा साध्या काचेपेक्षा फारसा फायदा दिसला नाही. डोळे थकतात ते पापणी कमी लवते आणि जवळ एकटक बघतो म्हणून. दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघा, फुकट आहे.

उन्हात काळी होणारी काच बाहेर शेतावर, बांधकामावर फिरणाऱ्याला ठीक. कारमध्ये ती फारशी काळी होत नाही कारण गाडीची पुढची काचच अतिनील किरण अडवते, हे आधी सांगत नाहीत.

बायफोकल की प्रोग्रेसिव्ह? प्रोग्रेसिव्ह महाग, कडेला धूसर, सवय लागते, पण मधलं अंतर मिळतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वीस वर्षं बायफोकलची सवय असेल तर मुलानं पुण्याहून येऊन प्रेमानं प्रोग्रेसिव्ह करून देऊ नये. जिन्यावर पाय चुकतो. फक्त वाचायलाच लागत असेल तर वाचायचा वेगळा साधा चष्मा सगळ्यात स्वस्त पडतो. रस्त्यावरचा रेडीमेड प्लसचा चष्मा पण चालतो, पण दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि सिलिंडर नसेल तरच.

पायरी ६: ॲडव्हान्स द्यायच्या आधी

फ्रेम, काच, कोटिंग तिघांची किंमत वेगवेगळी लिहून घ्या. "फ्रेमवर ५० टक्के सूट" म्हणजे काचेत वसुली असू शकते, वेगळं लिहिलं की दिसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्याच्या काचा आणि फ्रेमवर जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, म्हणजे २००० च्या चष्म्यावर २४० ऐवजी १००. बिलात बघा.

बिलावर काचेचा आकडा, कोटिंगचं नाव आणि "नंबर न जुळल्यास काच बदलून" हे लिहून घ्या. तोंडी "काय नाही ओ, आपलंच दुकान आहे" हे चार दिवस टिकतं. ब्रँडेड काच सांगितली असेल तर तिचं पाकीट आणि कार्ड मिळणार का विचारा. पक्कं बिल असूनही दाद देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करता येते.

आणि दुकान असं निवडा जिथं परत जाणं परवडतं. निपाणीचा माणूस कोल्हापूरला करतो तर ठीक, चाळीसेक किलोमीटर आहे, पण मुंबईत भाच्याच्या लग्नात केलेला चष्मा सैल झाला तर कुठं जाणार?

पायरी ७: चष्मा घेताना, काउंटरवरच

1. कार्ड पुढं ठेवून नवा चष्मा लेन्सोमीटरवर तुमच्यासमोर लावायला सांगा. उजवी-डावी अदलाबदल इथंच सापडते.
2. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून लांबचा बोर्ड वाचा.
3. दाराची चौकट बघा, वाकडी दिसते का. नवीन सिलिंडर असेल तर थोडी वाटेल.
4. ट्यूबलाईटचं प्रतिबिंब काचेत बघा. एआर असेल तर फिकट हिरवं-निळं, नसेल तर पांढरं लख्ख.
5. टेबलावर काड्या उघडून ठेवा, डुगडुगत असेल तर वाकडा आहे. कानामागची वळणं आणि नाकाचे पॅड तिथंच बसवून घ्या, याचे वेगळे पैसे नसतात.

प्रोग्रेसिव्हच्या काचेवरच्या पेनच्या खुणा आधीच पुसू देऊ नका. चष्मा घातल्यावर अधिकच्या चिन्हासारखी (+) खूण बुबुळासमोर येते का बघायचं, मग पुसायचं.

पायरी ८: पहिले पंधरा दिवस

नवा चष्मा सकाळी उठल्यापासून घाला, जुना लपवून ठेवा. दोन्ही आलटूनपालटून घातले की सवय कधीच लागत नाही. जमीन खाली-वर वाटणं, कडेला ओढल्यासारखं होणं आठवडाभर चालतं, पहिले दोन दिवस गाडी आणि शिडी टाळा. प्रोग्रेसिव्हला दोन आठवडे द्या, आणि जिना उतरताना मान खाली घालून वरच्या भागातून बघा.

एकाचे दोन दिसत असतील तर वाट बघू नका, लगेच परत जा. बाकी त्रास दोन आठवड्यांनंतरही असेल तर आधी दुकानात नंबर आणि पीडी पुन्हा मोजून घ्या, ते बरोबर निघालं तर कार्ड देणाऱ्याकडं. उलटं केलं की दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात.

पायरी ९: काच टिकवणं

कोटिंग जातं ते बहुतेक शर्टाच्या टोकानं आणि पदरानं. कोरड्या काचेवर धूळ असते, पुसली की चरे. आधी नळाखाली धरा, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, बोटानं चोळा, धुवा, मग मऊ फडक्यानं टिपा. गरम पाणी नको. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला तर कोटिंगला जाळीदार भेगा पडतात आणि त्या दुरुस्त होत नाहीत. चुलीच्या, गॅसच्या धगीजवळ पण तेच.

पावसात खानापूर भागातल्यांचं कठीण आहे, चार महिने काचेवर एकतर पाणी नाहीतर वाफ. हेल्मेटची पुढची काच बोटभर उघडी ठेवली की वाफ कमी धरते, आणि खिशात सुकं फडकं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, ओल्या फडक्यानं नुसता चिखल पसरतो. नाकाचे पॅड हिरवे झाले की बदला, अगदी थोड्या पैशात होतं.

नंबर बदलला आणि फ्रेम धड असेल तर त्याच फ्रेममध्ये नवीन काच घाला. फक्त जुनी प्लास्टिक फ्रेम सुकून कडक झालेली असते, काच बसवताना तुटली तर जबाबदारी कुणाची ते आधी विचारून घ्या. आणि जुना चष्मा दुसऱ्या कुणाला "बघ लागतोय का" म्हणून देऊ नका, स्कूटरच्या डिकीत ठेवा, नवा फुटला तर घरी पोचायला तोच लागतो.